टांगलेले दोर, पितळेच्या जाळ्या आणि त्यांच्यात लपलेली मापं

प्रश्न थोडक्यात असा आहे: लिओनोर अंतुनेश या पोर्तुगीज शिल्पकर्तीच्या प्रदर्शनांच्या फोटोंत छतापासून लोंबणारे दोर, चामड्याच्या वाद्या, पितळेच्या जाळ्या आणि बुचाची किंवा लिनोलियमची जमीन एवढंच दिसतं. या कामात विस्मरणात गेलेल्या डिझाइनर आणि वास्तुविशारद स्त्रियांचा इतिहास आहे असं म्हणतात, तर तो नेमका असतो कुठे? आणि याच पद्धतीनं स्वतः काम करायचं असेल, तर सुरुवात कुठून करायची आणि काय चुकतं?

इतिहास मापात असतो. अंतुनेश खुर्चीची प्रतिकृती करत नाहीत, घराचं मॉडेलही करत नाहीत. एखाद्या पडद्याच्या पट्टीची रुंदी, विणकामातल्या दोन धाग्यांमधलं अंतर किंवा खिडकीच्या चौकटीचं प्रमाण त्या उचलतात आणि तेच एकक दुसऱ्या माध्यमात, दुसऱ्या आकारात पुन्हा पुन्हा वापरतात. त्यांचा जन्म लिस्बनचा, १९७२ चा, आणि राहणं बर्लिनला. आयलीन ग्रे, ॲनी आल्बर्स, लीना बो बार्डी, क्लारा पोर्सेट, फ्रांका हेल्ग ही नावं त्यांच्या कामात सतत येतात. २०१९ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, पोर्तुगालतर्फे त्यांचं प्रदर्शन झालं. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होता ‘शिवण, पृष्ठभाग, बिजागरी किंवा गाठ’. त्या प्रदर्शनातल्या कामांच्या उगमात व्हेनिसचे वास्तुविशारद कार्लो स्कार्पा यांच्यासारख्या सर्वांना ठाऊक असलेल्या नावाबरोबर एग्ले त्रिंकानातो आणि साविना मासिएरी याही होत्या. त्रिंकानातो यांनी व्हेनिसमधली साधी, बिननावाची घरं अभ्यासली. मासिएरी यांनी अकाली गेलेल्या नवऱ्याच्या स्मरणार्थ ग्रँड कॅनालवर अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइटकडून इमारतीचा आराखडा करून घेतला, जो कधीच बांधला गेला नाही. वास्तुकलेच्या इतिहासात काम ‘करवून घेणाऱ्या’ बाईला सहसा जागा मिळत नाही. इथे ती मिळाली.

प्रदर्शन बघताना म्हणूनच आधी वस्तूकडे बघू नका, पुनरावृत्तीकडे बघा. कोणतं अंतर परत परत येतंय? ते जाळीत, जमिनीवर आणि दिव्यांच्या उंचीत सारखंच आहे का? मग सांधा बघा: दोर पितळेला कसा भेटतो, वादी कशी वळते. त्यानंतरच भिंतीवरची चिठ्ठी वाचा.

आता करण्याबद्दल.

पहिली चूक उगमाच्या निवडीतच होते. ‘मला आयलीन ग्रेवर काम करायचंय’ हा फार मोठा घास आहे. एक वस्तू निवडा आणि त्या वस्तूचा एकच तपशील निवडा. ग्रेचंच उदाहरण घेऊ. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर रोकब्रून-काप-मार्तँ इथे १९२६ ते १९२९ या काळात तिनं ई-१०२७ हे घर बांधलं. नावात दोन माणसं आहेत: ई म्हणजे आयलीन, १० म्हणजे रोमन वर्णमालेतलं दहावं अक्षर जे, २ म्हणजे बी आणि ७ म्हणजे जी. मधली दोन अक्षरं तिचे साथीदार, वास्तुविशारद झाँ बादोविची यांची. १९३८-३९ मध्ये प्रसिद्ध वास्तुविशारद ल कॉर्बुझिएनं तिच्या परवानगीशिवाय त्या भिंतींवर चित्रं रंगवली आणि पुढे कित्येक वर्षं हे घर त्याचंच असल्यासारखं बोललं जाई. तिच्याकडे पुन्हा लक्ष वळलं ते १९६८ मध्ये एका इटालियन मासिकात तिच्यावर लेख आल्यानंतर. तेव्हा ती नव्वदीला आली होती.

या घरासाठी तिनं केलेलं छोटं टेबल सगळ्यांना माहीत आहे: पोलादी नळी, वर गोल काच, आणि पाया असा की तो पलंगाखाली सरकतो. बहुतेक जण काचेचा व्यास उचलतात. मी उचलीन ती उभ्या खांबावरच्या भोकांमधली अंतरं. उंची कमीजास्त करायला साखळीला बांधलेली एक खीळ त्या भोकांत बसते. पलंगावर बसलेल्या माणसाच्या मांडीची, हाताची, कपाच्या उंचीची कल्पना त्या अंतरांत आहे. गोल काच कुणाचीही असू शकते, ती भोकं तिचीच आहेत. तपशील निवडताना कसोटी हीच ठेवा: हा निर्णय या बाईनंच घेतला, असं ज्या मापाबद्दल म्हणता येईल ते माप घ्या.

मापं घेताना सर्वांत मोठा सापळा म्हणजे बाजारातली नवी आवृत्ती. ग्रेचं फर्निचर १९७० च्या दशकात तिच्या संमतीनं पुन्हा बनू लागलं, पण नवी आवृत्ती ही नवी आवृत्तीच. नळीचा व्यास, काचेची जाडी, भोकांची संख्या उत्पादनाच्या सोयीनं बदलू शकते. इमारतींचंही तसंच. ई-१०२७ चा मोठा जीर्णोद्धार २०२१ मध्ये पुरा झाला. आज तिथे टेप लावलात तर काही मापं १९२९ ची मिळतील, काही दुरुस्ती करणाऱ्यांची. टिपणात प्रत्येक मापापुढे लिहा: मूळ वस्तूवरून, आराखड्यावरून, फोटोवरून की नव्या आवृत्तीवरून. ही चार खाती कधीही मिसळू नका.

मूळ वस्तू हाताशी असेल तर तीन मापं वेगळी घ्या: बाहेरून बाहेर, आतून आत आणि मध्यापासून मध्य. २५ मि.मी. नळीची चौकट बाहेरून ५०० मि.मी. असेल तर मध्यापासून मध्य ४७५ आणि आतून ४५० भरते. तुम्ही ‘५००’ एवढंच लिहून आणलंत आणि कारखान्यात ते मध्यापासून मध्य म्हणून वाचलं गेलं, तर सहा वेळा पुनरावृत्ती होईपर्यंत १५० मि.मी. चा फरक पडलेला असेल. तुमची जाळी सुंदर दिसेल, पण तिचा त्या चौकटीशी काही संबंध राहणार नाही. संग्रहालयात धातूचा टेप किंवा लोखंडी कॅलिपर वस्तूला लावू देत नाहीत. प्लॅस्टिकचं कॅलिपर, कापडी फीत आणि शिसपेन्सिल न्या, शाईचं पेन नको. वक्र भागासाठी पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म लागते, तीही आधी परवानगी घेऊनच.

आराखड्यावरून काम असेल तर पट्टीनं मोजू नका. १:२० च्या आराखड्यात ०.३ मि.मी. जाडीची पेन्सिलरेघ म्हणजे प्रत्यक्षात ६ मि.मी. रेघेच्या या कडेपासून मोजलं की त्या कडेपासून, यावरच माप हलतं. कागदावर आकडा लिहिलेला असेल तर तोच धरा, रेघेची लांबी काहीही सांगो. जुना कागद दमटपणानं फुगतो आणि तोही दोन्ही दिशांना सारखा नाही. फोटोकॉपीत एक टक्क्याची चूक झाली तर २ मीटरमागे २ सें.मी. जातात. म्हणून संग्रहाकडून स्कॅन मागवताना आडवी आणि उभी अशा दोन्ही पट्ट्या सोबत ठेवून स्कॅन करायची विनंती करा. काम अमेरिकेतलं किंवा ब्रिटनमधलं असेल तर इंच तसेच ठेवा, शेवटी एकदाच २५.४ नं गुणा. मधेच पूर्णांक करत गेलात की तिचं साधं प्रमाण हरवतं आणि उरतात विचित्र मिलिमीटर.

कधी कधी फोटोंशिवाय फारसं काही उरलेलंच नसतं. जर्मन डिझाइनर लिली राइशचं १९२७ चं बर्लिनमधलं मखमल आणि रेशमाचं कॅफे घ्या. वास्तुविशारद मिस व्हॅन डर रोहबरोबर केलेलं, एका फॅशन प्रदर्शनासाठीचं. पोलादी नळ्यांवरून सोडलेले काळे, नारिंगी, लाल मखमली आणि सोनेरी, चंदेरी, काळे, लिंबू रंगाचे रेशमी पडदे, म्हणजे कापडाच्याच भिंती. प्रदर्शन संपलं आणि ते गेलं. (दुसऱ्या महायुद्धात मिसचे सुमारे ३,००० आणि स्वतःचे सुमारे ९०० आराखडे बर्लिनबाहेर हलवून राइशनंच वाचवले. मिसच्या कागदपत्रांचा एवढा मोठा भाग आज अभ्यासाला मिळतो तो तिच्यामुळे. हे दर वेळी सांगायला हवं.) अशा वेळी फोटोत माप ठाऊक असलेली एखादी वस्तू शोधा, उदाहरणार्थ संग्रहालयात आजही असलेली त्याच घडणीची खुर्ची. मात्र ती खुर्ची आणि पडदा कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत, मागेपुढे असतील तर तुलना चालत नाही. पडदा कॅमेऱ्याकडे तिरका असेल तर रुंदी कमी दिसते: ३० अंश वळलेला पृष्ठभाग मूळ रुंदीच्या साधारण ८७ टक्केच भरतो. फोटोवरून काढलेलं माप एका आकड्यात लिहू नका, ‘२.९ ते ३.१ मीटर’ असं लिहा. त्यातला कोणता आकडा घ्यायचा हा तुमचा कलात्मक निर्णय आहे, पण तो निर्णय आहे हे टिपणात दिसायला हवं.

विणकामाची गोष्ट वेगळी. ॲनी आल्बर्स १९२२ मध्ये बाउहाउस या जर्मनीतल्या कला आणि डिझाइनच्या शाळेत गेली. तिथे मुलींना बहुधा विणकामाच्या विभागाकडेच वळवत, आणि पुढे १९४९ मध्ये न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात एकल प्रदर्शन मिळालेली ती पहिली विणकर ठरली. तिच्या कापडावर काम करताना नक्षी उचलणं सोपं असतं आणि तेच टाळायचं. भिंग लावून १ सें.मी. मध्ये उभे किती धागे, आडवे किती, हे किमान पाच ठिकाणी मोजा, कारण कडेला धागे दाटतात. मग उभा धागा कितींच्या वरून आणि कितींच्या खालून जातो ते चौकटीच्या कागदावर भरा. जाळीत जायला हवी ती ही रचना. त्यानंतर धाग्याची जागा पितळेच्या तारेनं घेतली तरी कापड ओळखू येतं.

साहित्याकडे वळण्याआधी वजन आणि वेळ यांचा हिशेब करा. बहुतेक कामं इथेच अडकतात. समजा १.२ मीटर रुंद, ३ मीटर उंच पितळी जाळी करायची आहे, ६० मि.मी. अंतरानं. उभे गज २१, आडवे ५१. एकूण लांबी साधारण १२४ मीटर. ६ मि.मी. पितळी गजाचं वजन मीटरला सुमारे २४० ग्रॅम, म्हणजे जाळी ३० किलोच्या घरात जाते. तीच ३ मि.मी. तारेची केली तर व्यास निम्मा, पण वजन चौथ्या हिश्श्यावर, साडेसात किलोच्या आसपास. सांधे मात्र दोन्हीकडे १,०७१. प्रत्येकाला दोन मिनिटं धरली तरी जवळजवळ ३६ तासांचं नुसतं डाग देणं, म्हणजे धातू वितळवून सांधे जोडणं. हा आकडा आधी काढलात तर काही सांधे नुसते गुंफायचे आणि काहीच डागायचे, हा निर्णय कागदावर होतो, घाईच्या रात्री होत नाही.

खुणा करताना प्रत्येक खूण मागच्या खुणेपासून मोजू नका. ५१ खुणांना दर वेळी १ मि.मी. ची चूक एकाच बाजूला गेली तर शेवटचा गज ५ सें.मी. सरकलेला असतो. एका टोकाला शून्य धरा आणि सगळ्या खुणा तिथूनच मोजा: ६०, १२०, १८०. डाग दिल्यावर फ्लक्स (डाग नीट धरावा म्हणून सांध्याला लावतात तो पदार्थ) गरम पाण्यानं आणि ब्रशनं धुऊन काढा. राहिला तर दोनतीन आठवड्यांत सांध्याभोवती हिरवे ठिपके उठतात आणि ते पॉलिशनं जात नाहीत, पुन्हा येतात. पितळ वाकवताना कडक होत जातं. एकाच जागी दोनतीनदा वाकवून सरळ केलेली तार तुटते, म्हणून आधी मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घ्या. त्यानंतर हातमोज्यांशिवाय धरू नका. बोटांचे ठसे चार दिवसांनी तपकिरी होऊन दिसू लागतात.

आता चामडं. अंतुनेश यांच्या कामातल्या लांब वाद्यांच्या रचना बघितल्यात तर त्या खोगीर आणि लगाम शिवणाऱ्यांच्या पद्धतीनं केलेल्या दिसतील. ही पद्धत शोभेपुरती नाही. दोन सुयांची शिलाई एका बाजूचा धागा तुटला तरी उसवत नाही, यंत्राची उसवते. वाद्यांसाठी वनस्पतिजन्य कमावलेलं, ३ ते ३.५ मि.मी. जाडीचं चामडं घ्या. वादी पाठीच्या भागातून, कण्याच्या दिशेला समांतर कापा. पोटाकडचं चामडं ताणतं आणि ताणलेलंच राहतं. एकाच कामात पाठीच्या आणि पोटाच्या वाद्या मिसळल्या तर महिन्याभरात अर्ध्या वाद्या लोंबतील आणि तुमचं मोजूनमापून आणलेलं अंतर गेलं. कापलेल्या वाद्या प्रत्यक्षात येणाऱ्या वजनाच्या दीडपट वजनानं दोनतीन दिवस टांगून ठेवा, मगच अंतिम लांबी कापा आणि भोकं पाडा. भोक गोल पंचानं पाडा, चाकूनं चीर देऊ नका. चिरेच्या टोकापासून चामडं फाटत जातं.

चामडं आणि पितळ एकमेकांना लागले की आणखी एक गोष्ट घडते. चामड्यातलं तेल आणि आम्ल पितळेतल्या तांब्याशी मिळून हिरवा, मेणचट थर तयार होतो. खिळीभोवती, कडीच्या आतल्या बाजूला तो हमखास येतो आणि चामड्यावर कायमचा डाग पाडतो. चामड्यातून जाणारी खीळ स्टेनलेस स्टीलची ठेवा आणि पितळ फक्त बाहेरून दिसेल तिथे वापरा. ते जमत नसेल तर पितळेला लॅकर द्या. मेणाचा हात चालतो, पण दर काही महिन्यांनी पुन्हा द्यावा लागतो.

दोरात नायलॉन टाळा, तो फार ताणतो. पॉलिएस्टर स्थिर राहतो. सुती आणि तागाचा पिळाचा दोर दमट हवेत फुगून आखूड होतो आणि कोरड्यात पुन्हा लांबतो, म्हणजे काम स्वतःहून वरखाली होतं. तसं हवं असेल तर ठीक, नको असेल तर हवेचा ओलावा ४५ ते ५५ टक्क्यांत राखणारी जागा मागा. गाठींत किती दोर जातो याचं तयार कोष्टक बघत बसू नका. त्याच दोराच्या दहा गाठी मारा, दोन टोकांमधलं अंतर मोजा, गाठी सोडा आणि पुन्हा मोजा. फरकाला दहानं भागलं की एका गाठीला लागणारा दोर कळतो.

टांगताना कोन विसरू नका. ३० किलोचं काम दोन सरळ उभ्या तारांवर असेल तर प्रत्येकीवर १५ किलो. त्याच तारा उभ्या रेषेपासून ६० अंश फाकल्या तर प्रत्येकीवर पूर्ण ३० किलो येतात, ७५ अंशांना जवळजवळ ५८. फोटोत सुंदर दिसणाऱ्या पसरट तारा म्हणूनच धोकादायक. लोक खालून चालणार असतील तर तारेची तुटण्याची क्षमता तिच्यावरच्या वजनाच्या दहापट धरा आणि छतातला आधार इमारतीच्या अभियंत्याकडून लेखी घ्या. जिप्समच्या खोट्या छतात हूक लावून भागत नाही. अंतिम उंची ओळंब्यानं आणि लेझरनं जमिनीपासून ठरवा, छतापासून नको. जुन्या इमारतींची छतं सरळ नसतात.

जमिनीबद्दल थोडक्यात. बुचाच्या लाद्या त्या खोलीत ४८ तास उघड्या ठेवून मगच बसवा. लिनोलियम अंधारात राहिलं की पिवळसर पडतं आणि उजेडात आल्यावर तो पिवळेपणा जातो. रोल उघडल्याबरोबर रंग चुकलाय म्हणून परत पाठवू नका, आधी काही दिवस उजेडात ठेवा. दोन रंगांचं जडावकाम करणार असाल तर प्रत्येक रंगाचं सगळं लिनोलियम एकाच खेपेचं घ्या. ओल्या गोंदावर ते लांबीत थोडं आकसतं आणि रुंदीत थोडं वाढतं, म्हणून बारीक नक्षीचे तुकडे रोलच्या एकाच दिशेनं कापा. नाहीतर आठवड्यानं एका दिशेला फटी आणि दुसऱ्या दिशेला फुगवटे दिसतात.

हक्कांचा विचार सुरुवातीलाच करा. युरोपात हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतात. ग्रे १९७६ मध्ये गेली, तेव्हा तिचं काम २०४६ संपेपर्यंत संरक्षित आहे. राइश १९४७ मध्ये गेली, तिचं एकटीचं काम २०१८ पासून मोकळं झालं. पण मिसबरोबर केलेलं संयुक्त काम त्याच्या मृत्यूपासून, म्हणजे १९६९ पासून मोजलं जातं. दोन भोकांमधलं नुसतं अंतर सहसा कुणाच्या मालकीचं नसतं, अख्खी नक्षी किंवा ओळखू येणारा आकार असतो. शंका असेल तर त्या व्यक्तीचं काम सांभाळणाऱ्या संस्थेला पत्र लिहा. बहुतेक वेळा परवानगीबरोबर तुम्हाला न दिसलेला एखादा आराखडाही मिळतो.

चिठ्ठीवर ‘आयलीन ग्रेपासून प्रेरित’ असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. काय घेतलं, कशावरून घेतलं आणि कितीदा वापरलं ते लिहा: ‘ग्रेच्या १९२० च्या दशकातल्या टेबलाच्या खांबावरील भोकांचं अंतर, मूळ वस्तूवरून मोजलेलं, ४८ वेळा.’ वस्तू दोघांची असेल तर दोन्ही नावं द्या, आणि कुणी काय केलं हे ठाऊक असेल तर तेही द्या. वाद्या शिवणाऱ्या आणि डाग देणाऱ्या कारागिरांची नावंही त्याच चिठ्ठीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत हवीत. विसरलेल्या हातांबद्दलच्या कामात आजचे हात विसरणं मला मान्य नाही.

प्रदर्शन संपल्यावर काम उतरवण्याआधी, ते टांगलेलं असतानाच प्रत्येक वादीची आणि दोराची लांबी पुन्हा मोजा आणि पहिल्या दिवशीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. चामडं गुंडाळून नेताना वळणाचा व्यास १५ सें.मी. पेक्षा कमी नको, घडी तर नकोच. पितळ आम्लमुक्त कागदात गुंडाळून वेगळ्या पेटीत ठेवा. पुढच्या जागी टांगताना आधी ही दोन्ही आकड्यांची यादी उघडा. ज्या वाद्या एकूण लांबीच्या एक टक्क्याहून जास्त ताणल्या असतील त्या बदला, बाकीच्या वरच्या बकलात एक भोक मागे घ्या.